तारमास्तरांची डोणी

मासे बघण्याआधी ते खिशातला रुमाल काढून नाकातोंडावर धरत. मग कमरेत वाकून काचेशी डोळा नेत आणि मागे उभ्या असलेल्या आम्हा मुलींना हातानं खूण करत. रुमाल नसेल तर परकराचा घोळ धरा. काचेवर वाफ धरता कामा नये. "आणि आपण बघतोय असं त्यांना वाटू देऊ नका," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. मग बघायचं तरी कसं? तर सहज. रस्त्यानं जाताना कुणाच्या अंगणात नजर जाते तसं.

मुलांनो, तुमच्या बैठकीतल्या काचेच्या पेटीचा फोटो मिळाला. दिवा, बुडबुडे, केशरी मासे, सगळं फार देखणं आहे. "आजी, तुला आवडला का, काहीच कसं लिहिलं नाहीस?" असं तुम्ही विचारलंत. म्हणून तारमास्तरांबद्दल हे लिहिते.

ते कर्जत स्टेशनात तारेच्या यंत्रावर असत. सगळे त्यांना तारमास्तर म्हणत. आमचे बाबा तिथंच मालधक्क्यावर कारकून होते, आणि रेल्वेच्या चाळीत मास्तरांची खोली आमच्या खोलीला लागून होती. लढाईची वर्षं होती. मी इंग्रजी तिसरीत, म्हणजे आताच्या सातवीत होते. माझी धाकटी बहीण कमल अजून शाळेत जात नव्हती.

माशांची पेटी तेव्हा आमच्याकडे कुणी पाहिलेली नव्हती. तारेच्या यंत्राला लागणाऱ्या बॅटऱ्या जाड काचेच्या चौकोनी बरण्यांत असत. बरणीचा काठ उडाला की ती बाद होई. मास्तर ती घरी आणत, चिंच आणि राख लावून घासत, उन्हात वाळवत, आणि तळाशी नदीची वाळू घालून पाण्यानं भरत. त्यांच्या खिडकीत अशा बरण्यांची रांग होती. संध्याकाळचं ऊन तिच्यातून गेलं की समोरच्या भिंतीवर माशांच्या सावल्या फिरत.

मासे कडावचा दूधवाला आणून देई. भाताच्या खाचरातले, बोटाच्या पेराएवढे, डोक्यावर चांदीचा ठिपका असलेले.

"मास्तर, असलं मासं आमी कालवणात बी घेत नाय," तो म्हणे. "आन् तुमी तर मासं खातच नाय. मंग ह्यांचं करता काय?"

"वाढवतो."

"वाढून वाढून येवढंच ऱ्हातात ते!"

"राहू देत. मीसुद्धा एवढाच राहिलोय."

मास्तर खरोखरच बुटके होते. दूधवाला हसत हसत कासंडी उचलून जाई आणि पुढच्या खेपेला पुन्हा मासे आणी.

त्यांची बायको फार आधी वारली होती, मूल नव्हतं. कमलला मात्र त्यांच्या घरात मानाची जागा होती. ड्यूटी संपवून आले की ते ओट्यावरून हाक मारत, "चला कमलाबाई, पंगत बसवू." पंगत म्हणजे माशांचं जेवण, आणि जेवण म्हणजे डासांच्या अळ्या.

त्या साठवायला मागच्या अंगणात एक दगडी डोणी होती, गुरांना पाणी पाजायची असते तसली. चाळीतल्या प्रत्येक पिंपातून आणि रांजणातून मास्तर जुन्या धोतराच्या फडक्यानं अळ्या गाळून आणत. बायका त्यांची वाट बघत.

"मास्तर, आमच्या पिंपात बघा हो, नुसती वळवळ झालीय."

"बघतो वहिनी. तुमचा त्रास तो आमच्या माशांचा फराळ."

मास्तरांमुळे चाळीतले डास कमी होतात असं आम्ही सगळे समजत होतो. तेही समजत होते.

आणलेल्या अळ्या ते परातीत निवडत, आई तांदूळ निवडायची तशा. काही अळ्या पाण्यात डोकं खाली करून लोंबतात. त्या ते मातीत ओतून टाकत. काही पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून आडव्या पडतात. त्या तेवढ्या डोणीत सोडत, कारण ठिपकेवाले मासे वरच्या वर टिपणारे. घाण पाण्यात आडव्या अळ्या मरतात हे त्यांनी पाहिलं होतं, म्हणून डोणीतलं पाणी ते देवाच्या तांब्यातल्यासारखं निर्मळ ठेवत. मासे बरण्यांत, डोणीत नुसता त्यांचा शिधा; त्यांना उपास पडू नये म्हणून ती कायम भरलेली.

त्या साली पाऊस सरला आणि चाळ अंथरुणाला खिळली. हिवताप दरवर्षीचाच, पण असा घरटी कधी आला नव्हता. त्यावरचं औषध कोयनेल जावाहून यायचं, ते जपान्यांनी जावा घेतल्यापासून बंद झालेलं. जे उरलं होतं ते फौजेकडे जाई. आमच्या घरात कमल पडली. आधी हुडहुडी, मग अंगाची भट्टी, मग घाम. तापाच्या दोन पाळ्यांनंतर ती उठून बसेना.

मास्तरांनी एक बरणी तिच्या उशाशी आणून ठेवली. ड्यूटीवरून सुटले की ते थेट आमच्याकडे येत आणि तिच्या कपाळावरच्या पट्ट्या बदलत.

"मास्तर, पंगत झाली?"

"तुझ्यावाचून कशी होईल गं? सगळे ताटकळून बसलेत."

मग रेल्वेचे डॉक्टर आले. त्यांनी कमलला पाहिलं, आपली औषधांची पेटी उघडून बाबांना दाखवली. कोयनेलची बाटली रिकामी होती. "कुठूनही मिळवा," ते म्हणाले, "आणि लवकर." मग ते चाळीच्या मागची डबकी बघायला निघाले. मास्तर उत्साहानं पुढे झाले.

"डॉक्टरसाहेब, अळ्याच बघायच्या असतील तर माझ्याकडे चला. अख्ख्या चाळीच्या अळ्या मी गोळा करतो."

बाबा आणि मी मागोमाग गेलो. डॉक्टर डोणीवर वाकले. काडीनं पाणी हलवलं.

"सगळ्या आडव्याच कशा?"

"निवडून ठेवतो ना!" मास्तरांचा चेहरा फुलला होता. "लोंबणाऱ्या टाकून देतो."

डॉक्टर सरळ झाले. ते रागावले नाहीत. ते रागावले नाहीत याचीच मला भीती वाटली.

"मास्तर, लोंबणाऱ्यांचे डास नुसते चावतात. हिवतापाचा डास या आडव्यांतून होतो."

"पण मासे खातात यांना."

"सगळ्या?"

मास्तरांनी डोणीत पाहिलं. पाण्यावर कोंड्यासारखी हलकी, पोकळ टरफलं तरंगत होती. ती रोज असत. मीही रोज पाहत असे.

"ही कात आहे," मास्तर म्हणाले. "वाढताना टाकतात त्या."

"आणि वाढून काय होतात?" डॉक्टरांनी विचारलं.

 मास्तरांनी डोणीच्या काठावर हात टेकला आणि लगेच चटका बसावा तसा उचलला.  एवढी वर्षं झाली, पण तो हात उचललेला मला दिसतो तसा माझ्या लग्नातला कुठलाही क्षण दिसत नाही.

बाबा मला म्हणाले, "आईला बोलू नकोस." मी बोलले नाही. पण त्या संध्याकाळी मास्तर आले नाहीत आणि कमल त्यांच्याबद्दल विचारू लागली. आई ओट्यावर जाऊन म्हणाली, "मास्तर, पोरगी वाट बघतेय हो!"

ते आले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले.

"वहिनी, हा ताप माझ्या डोणीतला आहे."

"काय बोलताय?"

त्यांनी सगळं सांगितलं. आलेली तार वाचून दाखवावी तसं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. आईच्या हातात ओली पट्टी होती. ती तिनं पिळली. पाणी संपलं तरी पिळत राहिली. बाबा खाली मान घालून उभे होते. मग आई म्हणाली, "मग कोयनेल आणा."

मास्तर धावत स्टेशनात गेले. लढाईच्या दिवसांत रेल्वेच्या तारेवर घरगुती निरोप पाठवणं हा गुन्हा होता, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी खाली मुंबईकडे आणि वर घाटाकडे, एकेका स्टेशनाला ते विचारत राहिले, कुणाकडे कोयनेल आहे का? बाबा सांगत की यंत्राची कटकट थांबतच नव्हती. दुसऱ्या दिवशी घाटातल्या ठाकुरवाडीहून उत्तर आलं. तिथं कुणाकडे तरी थोड्या गोळ्या होत्या. घाट उतरणाऱ्या इंजिनाच्या ड्रायव्हरनं त्या आणल्या.

पुडी घेऊन मास्तर धापा टाकत आमच्या दारात आले तेव्हा आई कमलचे केस विंचरत होती. पुडी धरलेला त्यांचा हात पुढे आलेला होता. आई एक गुंता सोडवत होती. केस ओढले जाऊ नयेत म्हणून मुळाशी बोट धरून, हळूहळू. मास्तर बघत राहिले. पोर इतक्या वेळात एकदाही कुरकुरली नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांचा हात खाली गेला.

त्यानंतर त्यांनी घरात होतं नव्हतं ते सगळं रॉकेल डोणीत ओतलं. खिडकीतल्या बरण्या रिकाम्या झाल्या. दूधवाला बाबांना म्हणाला, "मास्तर आमच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभं व्हतं. येकेक मासा वंजळीत धरून सोडत व्हतं. मी हाक मारली, पन वळून बघितलं नाय."

आई त्यांच्याशी पुन्हा बोलली नाही. तिनं त्यांना शिव्याशापही दिले नाहीत. चाळीतल्या बाकीच्यांनी ती उणीव भरून काढली. तारेवरच्या निरोपांची चौकशी झाली आणि मास्तरांची दूर कुठंतरी बदली झाली. कुठं ते आम्ही विचारलं नाही.

ते पहाटेच्या गाडीनं गेले. सकाळी आम्ही उठलो तर सगळ्या चाळीतली बाहेरची भांडी पालथी होती. बादल्या, घंगाळं, नारळाच्या करवंट्या, कोंबड्यांना पाणी ठेवायची परळसुद्धा. शेजारच्या काकू करवादल्या, "मेल्यानं जाता जाता भरलेलं पाणीपण सांडलं!"

आई दार उघडून आमच्या अंगणात आली. कोपऱ्यात कमलची भातुकली तशीच पडून होती, तिला कुणी हात लावला नव्हता. इवलासा टोप, तवली, बोटभर हंडा. तीही एकेक करून पालथी घातलेली होती.

"मास्तर गेले वाटतं," आई म्हणाली.

बादली सरळ करून ती नळावर गेली. भातुकलीतलं एकही भांडं तिनं सरळ केलं नाही, आणि मलाही करू दिलं नाही.