शेवटचा रकाना

उद्योजकता केंद्रात अठ्ठावीस वर्षे शिकवलेल्या एका गृहस्थांना विद्यार्थी पाठीमागे ‘कुलूपसर’ म्हणत. कारण पहिल्याच तासाला ते प्रत्येकाला व्यवसाय-आराखड्याचा शेवटचा रकाना भरायला लावत: धंदा कधी बंद कराल? रकाना कोरा दिसला, की आराखडा परत.

ते एकोणसाठ वर्षांचे असताना पुस्तकबांधणी करणाऱ्या एक बाई वर्गात आल्या. वय चौपन्न. त्यांनी रकाना कोरा ठेवला. सरांच्या सांगण्यानुसार त्यावरून दोघांचा वाद महिनाभर चालला. हजेरीपटावर मात्र बाई अकराच दिवस दिसतात. पुढच्या वर्षी दोघांनी लग्न केले, एवढे निर्विवाद. लग्नानंतरही त्या नवऱ्याला ‘सर’च म्हणत, आणि त्यात आदरापेक्षा खोडीच अधिक असे.

तीन वर्षांनी त्या वारल्या. तेव्हापासून सर त्यांच्या दुकानात बसतात. दुकान म्हणजे आठ फूट रुंदीची खोली. पुस्तके दाबायचा शिकंजा, खळीचे भांडे, एकच खुर्ची. बांधणी त्यांना जमत नाही. त्यांनी शिवलेली वही उघडली की पाने हातात येतात. गिऱ्हाईक तुटले. सरांच्या थोरल्या बहिणीने आपल्या घरी त्यांच्यासाठी खोली तयार ठेवली आहे. दर रविवारी ती फोनवर सुनावते, जगाला बाहेरची वाट दाखवलीस आणि स्वतः आतून कडी लावून बसलास. सरांचे उत्तर ठरलेले: तिने रकाना भरला नाही, म्हणजे तिला दुकान बंद करायचे नव्हते.

सरांवर लेख लिहिताना मला हे विधान तपासण्याजोगे वाटले. केंद्राच्या कपाटात त्या वर्षीचे गठ्ठे मिळाले. बाईंच्या अंतिम आराखड्यात शेवटचा रकाना कोरा नव्हता. गोल, ठसठशीत अक्षरांत तिथे लिहिले होते: ‘सर म्हणतील तेव्हा.’ खाली सरांची मंजुरीची सही.

प्रत मी दुकानात नेऊन दिली. सरांनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली.

“न वाचताच सही केली मी,” ते म्हणाले. “ती समोर बसली होती ना.”

बहिणीला कळवणार का, असे मी विचारले. ते हातातली अर्धवट शिवलेली वही चाचपू लागले.

“तिने रकाना कोरा ठेवून अडवलंय, असं समजून बसणं सोपं होतं. आता मलाच म्हणावं लागणार.”

मग त्यांनी सुई माझ्यापुढे धरली.

“म्हणेन. आधी एवढा दोरा ओवून दे.”