तिसऱ्या मजल्यावरच्या जोड्या

काका कुठलाही आकडा नेहमी दोनदा वाचायचे, दुसऱ्यांदा मोठ्याने. यंत्रांच्या खोलीत शिरताना दार वाजवायचे, आत कुणी नसलं तरी. उसनं पेन परत करताना टोपण आहे ना ते बघायचे. नेटवर्कवरच्या पत्त्यातल्या टिंबाला ‘ठिपका’ म्हणायचे, म्हणून सगळे त्यांना ठिपकेकाका म्हणत.

इस्पितळाचं नेटवर्क ते एकटे सांभाळत. मी नोंदणीच्या खिडकीवर. साहित्यात एम.ए. करून इथे काय करतेस, असं त्यांनी कधी विचारलं नाही. दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो.

प्रत्येक खाटेशेजारी नाडी मोजणारं यंत्र असतं. नेटवर्कवर त्याचा एक पत्ता असतो: चार आकडे, मध्ये ठिपके. नाडी घसरली की परिचारिकांच्या पडद्यावर खाटेचा क्रमांक लाल होतो. पूर्वी पत्त्यांची एक यादी होती, खाटांची दुसरी. ओळीला ओळ जुळायची. एकदा काकांनी मोडक्या यंत्राचा पत्ता पुसला, पण त्याची खाट दुसऱ्या यादीत तशीच राहिली. खालचं सगळं एका ओळीने सरकलं. नाडी नवव्या खाटेची घसरली आणि परिचारिका धावल्या आठव्याकडे. नवव्या खाटेवरच्या बाई थोडक्यात वाचल्या.

“मला कुणी काही बोललं नाही गं,” काका म्हणाले होते. “बोलले असते तर बरं झालं असतं.”

त्यानंतर पन्नाशीत ते रुबी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकले आणि तिच्यात एक क्लास लिहिला.

“क्लास म्हणजे?” मी विचारलं.

“साचा. यातून निघणाऱ्या प्रत्येक वस्तूत एक पत्ता आणि एक पूर्णांक, म्हणजे खाटेचा क्रमांक. दोन्ही एकदमच द्यायचे. एकच दिलास तर वस्तू बनत नाही, स्क्रिप्ट, म्हणजे सगळा प्रोग्राम, तिथेच थांबते. आणि एकदा बनली की बदलता येत नाही.”

“काका, लग्न लावताय की काय?”

“लग्नात एवढी तपासणी कुठे? तुझ्या काकूने एकदा बघून हो म्हटलं. अजून पस्तावतेय.”

साच्याचं नाव त्यांनी ‘जोडी’ ठेवलं.

जुन्या याद्यांवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. लॅपटॉप घेऊन ते स्वतः खाटेपाशी जात. यंत्रावरचा पत्ता वाचून लिहीत, मग भिंतीवरचा क्रमांक. दोन मजले असे झाले.

मंगळवारी ते तिसऱ्यावर होते. पत्ता लिहून झाला आणि खालून बोलावणं आलं. “आलोच,” असं मुख्य परिचारिकेला सांगून ते निघाले आणि जिन्यात कोसळले. डॉक्टर हाकेच्या अंतरावर होते. उपयोग झाला नाही.

शुक्रवारी बाहेरून एक तंत्रज्ञ आला. त्याने स्क्रिप्ट चालवली. ती काकांच्या शेवटच्या ओळीवर थांबली.

“वरच्या ओळीत खाट एकोणीस, म्हणजे ही वीसच असणार,” तो म्हणाला. “टाकतो.”

“हात लावू नका,” मुख्य परिचारिका म्हणाल्या. “यंत्रं इकडची तिकडे होतात. खाटेपाशी जाऊन बघा.”

“सगळ्या खाटांपाशी?”

“ते जायचे.”

तो सोमवारी येतो म्हणाला. तोवर तिसऱ्या मजल्यावर जुन्या दोन याद्याच चालू आहेत. मुख्य परिचारिकांनी दर पंधरा मिनिटांनी एकीला फेरी मारायला लावलं आहे.

फाइल मी पाहिली. पत्ता आहे, त्यापुढे स्वल्पविराम. क्रमांक नाही. त्याखाली अकरा खाटा लिहायच्या राहिल्या आहेत.