डाव्या खांद्याची बंदूक

आमच्या सर्जनच्या घरी फायरप्लेसच्या वर एका आफ्रिकन रानरेड्याचं मुंडकं टांगलेलं आहे. गणपतीत त्याची बायको त्यावर शाल घालते, कारण बाप्पा बरोबर समोर बसतात. पण आरती झाली, प्रसाद झाला, की कुणीतरी शाल बाजूला करतंच आणि सर्जन सुरू होतो.

"पहिली गोळी आमच्या शेठनं मारली," माझ्याकडे प्लेट दाखवत तो म्हणतो. "ती अजून आफ्रिकेत फिरतेय. कुणाला सापडली तर कळवा, यार."

डॅलसजवळचं आमचं अख्खं मराठी फ्रिस्को हसतं. मी मोदक खात राहतो.

शेठ म्हणजे मी. उमरेडच्या बाजारात माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. नागपूरहून सॉफ्टवेअरच्या व्हिसावर इथे आलो, नोकरी सोडली, कोल्ड स्टोरेजची गोदामं उभी केली. सर्जन पुण्याचा, तीन पिढ्यांचा डॉक्टर. 'शेठ' हा शब्द तो ज्या सुरात म्हणतो, तो सूर मला पहिल्या दिवसापासून कळतो.

शिकारीत एक जुना नियम आहे. जनावराचं पहिलं रक्त ज्याच्या गोळीनं निघालं, जनावर त्याचं. मग पाडलं कुणी का असेना. त्या रेड्यावर आधी मी गोळी झाडली होती. तो दचकला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मग तो पळाला आणि सर्जनच्या गोळ्यांनी पडला. कातडं सोलणाऱ्यांना माझ्या गोळीचं भोक सापडलं नाही. मी म्हटलं, मानेच्या वळ्यांत असेल, नीट बघा. त्यांनी नीट बघितलं. सर्जन म्हणाला, "शेठ, इथे घासाघीस चालत नाही." परतीच्या विमानात आम्ही एकमेकांशी बोललो नाही. माझा रेडा त्याच्या भिंतीवर आहे, असं मी पुढे कित्येक वर्षं धरून बसलो होतो.

म्हणून त्यानं दक्षिण टेक्ससमधल्या एका रँचबद्दल फोन केला, तेव्हा मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. त्या रँचवर आफ्रिकन रानरेडे पाळलेले होते. जानेवारीत एकच म्हातारा नर मारायचा होता. पहिली गोळी कुणाची ते नाणं उडवून ठरवायचं, दुसऱ्यानं पाठीशी उभं राहायचं.

"येतो," मी म्हटलं. "पण या वेळी बंदूक माझी."

आफ्रिकेत मी वाटाड्याची बंदूक भाड्यानं घेतली होती. ती जोडनळीची होती, म्हणजे शेजारी शेजारी दोन नळ्या आणि दोन चाप. एक गोळी झाडली की दुसरी तयार, मध्ये खटका मागेपुढे करायला नको. अंगावर येणाऱ्या जनावरासमोर त्या अर्ध्या श्वासालाच किंमत असते. पण ही बंदूक बनवणं अवघड. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या ठरावीक अंतरावर एकाच जागी पडाव्यात म्हणून कारागीर नळ्या किंचित आतल्या बाजूला वळवून डाखतो, आणि तेही एकाच जातीच्या काडतुसासाठी. काडतूस बदललं की दोन गोळ्या दोन वाटांना जातात.

मला तशी बंदूक डॅलसच्या बंदुकांच्या बाजारात मिळाली. बेल्जियमची, जुनी, ४७० कॅलिबरची. नळ्या आरशासारख्या स्वच्छ होत्या, मात्र मागचा लाकडी दस्ता कुणीतरी फोडून खिळ्यांनी जोडला होता. विकणारा म्हणाला, किंमत फिक्स आहे. अमेरिकन माणूस फिक्स म्हणतो तेव्हा तो बोलणं संपवत असतो. आमच्या बाजारात तिथून बोलणं सुरू होतं. मी त्या खिळ्यांवर बोट ठेवलं, काही न बोलता हळहळलो आणि जेवायला निघून गेलो. जेवून आलो, तो अजून बंदुकीशेजारीच उभा होता. दुसऱ्यांदा निघालो तेव्हा त्यानं मला हाक मारली.

दस्ता नवा करायला फ्रिस्कोच्या पश्चिमेला, गाडीनं दोनेक तासांवर, एक बाई आहे. सत्तरीची, सिगारेट ओढणारी, तोंडाची फटकळ. तिचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड, आणि आत अक्रोडाच्या लाकडाचे ठोकळे. मी त्यातला सगळ्यात देखणा ठोकळा उचलला. काळ्या-सोनेरी लाटा टोकापासून टोकापर्यंत गेलेल्या.

"दिसायला छान आहे," ती म्हणाली. "पण लाट मानेतून गेलीय. दस्त्याची मान बारीक असते, सगळा धक्का तिथे बसतो. तिथे सरळ रेषेचं लाकूड हवं."

मला वाटलं, चांगला माल ही बाई दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवतेय. "हाच," मी म्हटलं. मग मापं घेण्यासाठी ती अर्धा दिवस मागू लागली आणि त्याचे पैसे वेगळे सांगू लागली. तेही मी तोडलं. माझ्या शॉटगनचं मापाचं कार्ड खिशात होतं, ते पुढे केलं. "उजवा खांदा. लिहून घे."

तिनं लिहून घेतलं. नोव्हेंबरअखेर दस्ता तयार झाला. बंदूक हातात घेतली तेव्हा खरंच वाटलं, आता बघू कोण काय म्हणतं.

दुकानामागे तिची नेमबाजीची जागा होती. मी दोन्ही चाप ओढले. दोन्ही गोळ्या एकाच जागी पडल्या, अगदी शेजारी शेजारी, पण मध्यापासून चांगल्या वीतभर डावीकडे. पुन्हा झाडल्या, पुन्हा तिथेच. माझं डोकं फिरलं. नळ्या बिघडवल्यास, आधी ही बंदूक बरोबर होती, फसवायला मीच मिळालो का, असं बरंच बोललो. बोलताना तिच्या टेबलावर मूठ आपटली. पितळी काडतुसं खाली सांडली.

ती चिडली नाही. माझ्या मुठीकडे बघत राहिली.

"तू डावरा आहेस," ती म्हणाली.

"उजवा आहे."

"चिडलास की डावरा होतोस. आल्यापासून बघतेय. बोट दाखवतोस ते डावं, आपटतोस तो डावा." तिनं मला दोन्ही हात पुढे करून पंज्यांमध्ये छोटी फट ठेवायला लावली आणि त्या फटीतून तिच्या नाकाकडे बघायला सांगितलं. मग ती हसली. "तू माझ्याकडे डाव्या डोळ्यानं बघतोयस. खांदा उजवा, डोळा डावा. दुर्बीण लावलेल्या रायफलीत चालून जातं, तिथे एकच डोळा लागतो. इथे दोन्ही डोळे उघडे ठेवून पुढच्या टोकावरची माशी, नेम धरायचा तो मणी, धरायची असते. तुझा डावा डोळा ती आपल्याकडे ओढतो. म्हणून गोळी डावीकडे."

मी खाली सांडलेली काडतुसं गोळा करू लागलो. उमरेडच्या दुकानात डाव्या हातानं पुडी पुढे केली की वडील तागडीची दांडी बोटांवर मारायचे. डाव्या हातानं दिलं तर गिऱ्हाईक परत येत नाही, असं ते म्हणायचे. जेवण उजवं, अक्षर उजवं, आरतीचं ताट उजवं. शाळेत जाईपर्यंत मी उजवा झालो होतो, आणि मधल्या सगळ्या वर्षांत कुणी विचारलंच नाही. कुणी विचारलं असतं तर शपथेवर उजवा म्हणालो असतो.

रात्री बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, मान वरही केली नाही. "अहो, रागावलात की फोन कुठल्या हातानं फेकता? इतकी वर्षं मी त्याच बाजूला उभी राहत नाही."

झोपताना दुसरी गोष्ट लक्षात आली. चाळीस पावलांवर वीतभर डावीकडे, तर आफ्रिकेत अंतर दुपटीनं होतं. तो रेडा डाव्या बाजूला तोंड करून उभा होता. म्हणजे माझी गोळी त्याच्या छातीपुढून, मोकळ्या हवेतून गेली. तो दचकला तो आवाजाला. सर्जन बरोबर होता. तरी राग गेला नाही. रागाचा पत्ता तेवढा बदलून उमरेडच्या दुकानाचा झाला, आणि त्या पत्त्यावर भांडायला आता कुणी राहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाईला फोन केला. डावा डोळा मिटून मारलं तर?

"कागदावर मार," ती म्हणाली. "रेडा अंगावर आला की माणसाचे दोन्ही डोळे आपोआप उघडतात. खांदा बदल."

पण दस्ता उजव्या खांद्यासाठी वळवलेला होता. डाव्या गालाला तो माशीपासून दूर ढकलत होता. नवा करायला जानेवारी उलटून गेला असता. एकच मार्ग उरला होता: मानेपाशी लाकूड गरम तेलानं शेकायचं आणि शिकंज्यात धरून दुसरीकडे वाकवायचं. सरळ रेषेचं लाकूड वाकतं. लाटेचं लाकूड कधी वाकतं, कधी फुटतं.

"फुटलं तर?" मी विचारलं.

"तर तुला सुंदर सरपण मिळेल. मी आधीच सांगितलं होतं. करू की नको?"

मला घासाघीस सुचली नाही. कर म्हटलं.

तिनं मानेला कापडाची पट्टी गुंडाळली आणि पळीनं उकळतं तेल त्यावर सोडत राहिली. शेडमध्ये जवसाच्या तेलाचा वास भरला. मग स्क्रू किंचित फिरवायचा, थांबायचं, पुन्हा तेल. मी बसूही शकत नव्हतो. एकदा काहीतरी कट् वाजलं. तिचा हात थांबला. पट्टी सोडून तिनं भिंग लावलं आणि मानेवरून नख फिरवत गेली. पॉलिशमध्ये केसाएवढी रेघ उठली होती. खाली लाकूड शाबूत होतं की नाही, ते तिलाही सांगता येईना.

"आणखी थोडंसं हवंय," ती म्हणाली. "इथे थांबलो तर अर्धं काम. पुढे गेलो तर कदाचित दोन तुकडे."

"पुढे जा."

तिनं पुढे फिरवलं. काही वाजलं नाही. शिकंजा रात्रभर तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी बंदूक डाव्या खांद्याला लावली आणि माशी आपणहून डोळ्यासमोर येऊन बसली. पुढचे आठवडे मी गॅरेजमध्ये रिकामी बंदूक डाव्या खांद्याला उचलत राहिलो. लहानपणी मार खाऊन उजवा व्हायला जेवढा वेळ लागला, त्याच्या कितीतरी कमी वेळात परत डावा झालो. पण कागदावर. ती केसाएवढी रेघ दर वेळी गालाखाली दिसायची.

जानेवारीत रँचवर सर्जननं नाणेफेक जिंकली. पहिली गोळी त्याची, पाठीशी मी. "शेठ, यंदा तुझी गोळी सांभाळून ठेव," तो म्हणाला.

दुपारी काटेरी मेस्किटच्या झाडोऱ्याच्या कडेला तो म्हातारा नर दिसला. सर्जननं त्याच्या दुर्बीणवाल्या रायफलीनं गोळी झाडली. लागली, पण मागे, पोटात. रेडा कुबड काढून झाडीत शिरला. वाटाड्यानं शिवी दिली आणि खूण करून आम्हाला थांबवलं. बराच वेळ गेल्यावर आम्ही रक्ताचा माग धरून आत गेलो. पुढे वाटाड्या, मग सर्जन, मग मी. काटे बाह्यांना ओढत होते. सर्जनचा श्वास मला ऐकू येत होता. दिवाणखान्यात गोष्ट सांगणारा तो माणूस नव्हता.

रेडा समोर नव्हता. तो वळसा घालून बाजूला येऊन उभा होता. डावीकडची झाडी फुटली. सर्जन वळायला गेला, पाय काट्यांत अडकला, गुडघ्यावर पडला, आणि वाटाड्या त्याच्या पलीकडे राहिला. रेडा आणि सर्जन यांच्यामध्ये कुणी नव्हतं. बंदूक कधी वर गेली ते मला आठवत नाही. माशी दिसली, तिच्या मागे काळी छाती दिसली. पहिला चाप ओढला. तो आलाच. दुसरा ओढला. तो मान खाली घालून सर्जनच्या बुटांजवळ कोसळला, आणि त्याच्या अंगावरची धूळ आमच्यावर आली.

वाटाड्यानं आणखी एक गोळी घालून खात्री केली. मी आधी दस्त्याची मान बघितली. धड होती.

सर्जन उठून बसला. ओठ पांढरे पडलेले. "शेठ..." म्हणाला आणि काट्यांत अडकलेला पाय सोडवू लागला. मग वाटाड्या, दुसरं काही सुचेना म्हणून असेल, नियम बोलून गेला: "डॉक्टरचा बुल. पहिलं रक्त त्याचं."

"नाही," सर्जन मराठीत म्हणाला. "मुंडकं तुझं, यार. घेऊन जा."

मला मोह झाला. पण मी ज्या नियमावर इतकी वर्षं भांडलो, तो मोडून मिळालेलं मुंडकं म्हणजे भीक. "मुंडकं तूच ने," मी म्हटलं. "कातडं माझं. आणि गणपतीत गोष्ट मी सांगणार. दोन्ही रेड्यांची."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"शेठ, महाग पडलास," तो म्हणाला आणि मी दिलेला हात धरून उठला. हात डावा होता.

कातडं कमावून आलं. बायको घरात घेईना, म्हणून गॅरेजच्या भिंतीवर आहे. माझी दोन भोकं इतकी जवळ आहेत की एका पंज्याखाली झाकतात. यंदाच्या गणपतीत दोन मुंडक्यांवर दोन शाली होत्या. शाली निघाल्यावर मी दुसऱ्या रेड्याची गोष्ट खरी सांगितली. पहिल्याच्या वेळी मात्र म्हटलं, मानेच्या वळ्यांत असेल, नीट बघितलं नाही कुणी. सर्जननं मोदक तोंडात टाकला. ती गोळी कुठे गेली ते मी त्याला सांगितलेलं नाही. इथे लिहिलंय, पण काळजी नाही. तो पुण्याचा असला तरी इंग्रजी शाळेतला, मराठी वाचत नाही.