बायकांचं एकमत

ही गोष्ट माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला सांगितली नाही, मुलींना नाही, देवापुढे बसले तरी तिथेही मी मनातल्या मनात विषय बदलत आले. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखणाऱ्यांमध्ये माझी अजून थोडी पत आहे, आणि ती ज्या कामामुळे आहे त्याचंच हे बोलणं आहे.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. नाशिक तेव्हा एवढं पसरलेलं नव्हतं, आग्रा रोडवरच्या द्वारका नाक्याकडे जायचं म्हणजे गावाबाहेरच जायचं. आमचं घर ऐन गावात, चौकावर. समोर रोज सकाळी भाजीबाजार भरे. गंगापूर रस्त्याकडच्या मळ्यांतून बायका डोक्यावर टोपल्या घेऊन येत आणि गोणपाट अंथरून बसत. त्या उठून गेल्या की मागे सडका पाला, चिखल, माशा — आणि तो सगळा वास माझ्या दिवाणखान्यात. मी वकिलाची बायको, मॅट्रिक झालेली, खिडक्यांना हौसेने पडदे लावलेले. मला त्या वासाचा संताप येई. हे आधीच सांगते, कारण पुढे मी आरोग्य, टापटीप असले भारदस्त शब्द पुष्कळ वापरले.

गावाचा मध्य नव्याने आखायचा ठरला आणि त्यासाठी कमिटी बसली. चौकात बाग, बाकं, दिव्यांचे खांब. आणि बाजार उचलून आग्रा रोडच्या कडेला, द्वारकेजवळच्या मोकळ्या जागेत. अध्यक्ष नव्या विचारांचे होते. लोकांना विचारल्याशिवाय एक दगड हलवायचा नाही, असं त्यांनी बजावलं. व्यापाऱ्यांना विचारून झालं, टांगेवाल्यांना विचारून झालं. बायकांचं मत घ्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण कमिटीत बाई मी एकटीच. किती फुगले होते मी!

सभा घ्यायला कुणी अडवलं होतं का? नाही. पण सभेला कोण येईल ते मला दिसत होतं. बाजार उठणार म्हटल्यावर पहिल्या त्याच आल्या असत्या — टोपल्यावाल्या, आणि भांडल्या असत्या. मला भांडण नको होतं. मला बाग हवी होती.

चैत्र चालू होता. मी म्हटलं, चैत्रगौरीचं हळदीकुंकू करते, सगळ्या बायका येतील, तिथेच विचारते. नवऱ्याला हे फार पसंत पडलं. "बाजारातल्याही येतील ना?" एवढं मात्र त्याने विचारलं. "त्या काय बायका नाहीत?" मी हसून म्हणाले.

तुमच्या लक्षात आलं का? त्याच्या आलं नाही. बाजारात बसणाऱ्या बहुतेकींचं कुंकू पुसलेलं होतं — म्हणून तर त्या बाजारात बसल्या होत्या. उरलेल्या बागवानांच्या घरच्या, मुसलमान. यांतली एकही माझ्या हळदीकुंकवाला येणार नव्हती, आणि मला कुणाला येऊ नको म्हणायची गरज पडणार नव्हती. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. खोटं आहे ते. ध्यानात आलं म्हणूनच मी हळदीकुंकू काढलं.

बायका आल्या, नटून आल्या. आंब्याची डाळ, पन्हं, ओटीत भिजवलेले हरभरे. कुंकू लावता लावता मी एकेकीला विचारत होते, चौकात बाग हवी ना गं? हातात पन्ह्याचा पेला असताना नको कोण म्हणणार?

तेवढ्यात मोलकरीण सांगत आली की मागच्या दारी भागाबाई उभी आहे. भागाबाई आमची रोजची भाजीवाली, माझ्याच वयाची. तिचा नवरा गेल्यापासून ती आमच्या पायरीसमोरच बसायची. मी मागे गेले. ती उंबऱ्यापासून चांगली लांब उभी होती, पदर पुढे ओढून.

"वकिलीणबाई, बाजाराचं इचारताय म्हनं बायांना. मला बी सांगायचं व्हतं. म्या आत नाय येत. हितूनच सांगते."

हितूनच सांगते! ऐकायला किती वेळ लागला असता हो? मी म्हणाले, "भागाबाई, आज घरात शुभाचं आहे. तू आज दारात नको. उद्या ये."

तिचा चेहरा एवढासा झाला. "चुकलंच माझं," म्हणाली आणि गेली. माफी तिने मागितली — तिने!

दुसऱ्या दिवशी बाजार आटोपून ती आली, तेव्हा मी घरी नव्हते. उद्या कमिटी आहे हे मला "उद्या ये" म्हणतानाच ठाऊक होतं. तिथे उभी राहून मी सांगितलं, गावातल्या बायकांचं याबाबत एकमत आहे. टाळ्या पडल्या. ठराव झाला.

बाग झाली, सुंदर झाली. संध्याकाळी मी तिथे बसायचे, बायका येऊन माझं कौतुक करायच्या. द्वारकेच्या उन्हात भाजी घ्यायला गावातून कोण जाणार? वर्षभराने भागाबाई दारोदार फिरू लागली. आमच्या पायरीशी आली तेव्हा मी तिला ओळखलं ते आवाजावरून, इतकी ती वाळली होती. मी अंबाडीची जुडी घेतली. घासाघीससुद्धा केली.

टोपली आवरताना ती म्हणाली, "बायांनीच सांगितलं म्हनं, बाजार हालवा. कोन्या बाया व्हत्या वो?"

तेव्हा तरी खरं बोलता आलं असतं. पायरीवर आम्ही दोघीच होतो.

"सगळ्याच होत्या," मी म्हणाले.

"आसंल," ती म्हणाली. मग टोपली डोक्यावर घ्यायला हात लावा म्हणाली, आणि मी लावला. तिला त्या दिवशी काय सांगायचं होतं, ते मी तेव्हाही विचारलं नाही.