ओब्रादचा डावा पाय

ओब्राद पिंपं करायचा. आलुबुखाराच्या दारूची, खारवलेल्या कोबीची, गावातली सगळी लाकडी पिंपं त्याच्या हातची. पण त्याचं नाव झालं ते हातांमुळे नाही, पायांमुळे. नाताळच्या सकाळी ओब्राद ज्या घरात पहिला पाहुणा म्हणून शिरेल, त्या घराचं वर्ष सोन्याचं जातं, असं पार डोंगरापलीकडच्या वाडीपर्यंत लोक सांगत.

हे सुरू झालं तो सात वर्षांचा असताना. शेजारच्यांचा ठरलेला पाहुणा तापाने आडवा झाला, म्हणून याला अंथरुणातून उठवून पाठवलं. नाक वाहतंय, टोपी डोळ्यांवर आलेली. पण पोराने उजवा पाय आधी आत टाकला, चुलीत जळणारं ओकचं लाकूड फांदीने बडवलं आणि पढवलेलं सगळं धडाधडा म्हटलं: जितक्या ठिणग्या, तितकी कोकरं, तितकी वासरं, तितकं आरोग्य. त्या वर्षी शेजाऱ्यांच्या अकरा मेंढ्यांना जुळी झाली. झालं! मेंढ्यांचं कसब ते, पण नाव झालं ओब्रादचं. पायगुण एकदा चिकटला की चिकटला.

पुढे त्याच्यासाठी घराघरांत चढाओढ लागायची. शेवटी त्याचा दोस्त मिलोये याने त्याला कायमचा आपल्या घरी बांधून घेतला. मिलोये म्हातारा होऊन झोपेत गेला, तरी त्याची बायको स्ताना हिने रीत मोडली नाही. बावीस वर्षं नाताळचा पहिला पाय ओब्रादचाच. बदल्यात भाजलेलं डुक्कर, गरम दारू, आणि स्तानाच्या हातचे लोकरी मोजे. दर वर्षी ती एकाच लोकरीचे दोन जोड विणायची. एक पाहुण्याला, एक मुलाला, वेसेलिनला.

मागच्या नाताळला पायरीवर बर्फ गोठलं होतं. ओब्राद घसरला, चौकट धरली, आणि तोल सावरताना डावा पाय पडला उंबऱ्याच्या आत. उजवा अजून बाहेरच. स्ताना गव्हाची चाळण घेऊन समोरच उभी होती, पण तिची नजर त्याच्या तोंडाकडे. तिने हसत हसत त्याच्या अंगावर गहू उधळले. आता खरं तर लगेच बाहेर जायचं, छातीवर क्रूस काढायचा आणि उजव्या पायाने पुन्हा आत यायचं. एवढं तर आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण ओब्रादला लाज वाटली. एवढं नाव झालेला पाय, तो चुकला हे चारचौघांत कसं दाखवायचं? कुणी बघितलं नाही ना, मग झालं तर. त्याने लाकूड बडवलं, ठिणग्या उडवल्या, पोटभर जेवून घरी आला.

मार्चमध्ये वेसेलिन रानात बीचचं झाड पाडत होता. खोड उलटं उसळलं आणि त्याच्या पाठीवर आलं. जीव वाचला, पण कंबरेखालचं अंग लुळं पडलं. तिशीतला उमदा गडी अंथरुणाला खिळला.

ओब्रादने कुणाजवळ तोंड उघडलं नाही. फळी तासायला घ्यायचा आणि तशीच हातात धरून बसायचा. फक्त एकदा चर्चच्या पाद्रीबाबांना सांगून बघितलं. ते म्हणाले, ही अडाणी समजूत आहे, देव माणसाचे पाय बघत नाही. ओब्रादला वाटलं, यांच्या घरी मी कधी पहिला गेलो नाही, यांना बोलायला काय जातंय.

नाताळच्या आठवडाभर आधी स्ताना त्याच्या कारखान्यात आली. म्हणाली, यंदाही तुम्हीच यायचं. ओब्रादने सबब काढली, गुडघा फार दुखतो, एखादा तरुण बघा. ती जमिनीवरचा भुसा-ढलप्या सरपणाला एप्रनमध्ये भरून घेत होती. मान वर न करता बोलली, "ओब्रादभाऊ, तुम्ही आला नाहीत तर लोक म्हणतील, स्तानाने तुम्हाला दोष दिला. मी नाही दिला."

यावर माणसाने बोलायचं काय? त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. ओब्रादने तोंड उघडलंही. मग वाकून तिला ढलप्या गोळा करू लागला.

नाताळ उजाडला. रीतीप्रमाणे वाटेत कुणाशी न बोलता तो गेला. उंबऱ्याशी थांबला. दोन्ही हातांनी चौकट धरून, नुकतं चालायला शिकलेल्या पोरासारखा, त्याने उजवा पाय आत ठेवला. वरून गहू पडले. "ख्रिस्त जन्मला," तो म्हणाला. "खरंच जन्मला," स्ताना म्हणाली. वेसेलिनची खाट चुलीजवळ आणलेली होती. ओब्रादने लाकूड बडवलं. ठिणग्या भरपूर उडाल्या, कधी नव्हे एवढ्या. कोकरं झाली, वासरं झाली. आरोग्य मात्र त्याने नुसतं ओठांत म्हटलं.

स्ताना दारू आणायला तळघरात उतरली. आता नाही तर कधीच नाही.

"वेसेलिन, मागच्या वर्षी माझा डावा पाय आधी पडला."

"माहीत आहे, काका. मी खिडकीशी दाढी करत होतो. बघितलं."

"मग बोलला का नाहीस?"

"हसू आलं मला. म्हटलं, घसरला म्हातारा. तुम्ही का नाही बोललात?"

ओब्रादने जळतं लाकूड चुलीत पुढे सारलं. मग विचारलं, "तू मानतोस हे पायाबियाचं?"

"दिवसा नाही मानत."

तळघराच्या पायऱ्यांवर स्तानाची चाहूल लागली. वेसेलिनने आवाज खाली घेतला. "आईला सांगू नका. सध्या ती देवावर चिडलीय, ते बरं आहे. देव लांब राहतो. तुम्ही कुंपणापलीकडे राहता."

म्हणजे शिक्षा नाही, माफी नाही, आणि कुणाला सांगायचीही सोय नाही. ओब्राद हात मांडीवर ठेवून तिथेच बसून राहिला.

स्ताना आली. दारूचा चंबू ठेवला आणि मोज्यांची जोडी त्याच्या पुढ्यात धरली. एकच जोडी. मोजे चांगले लांबलचक होते.

"यंदा लोकर उरली," ती म्हणाली. "म्हणून तुमचे वरपर्यंत विणले. गुडघा दुखतो म्हणालात ना? घाला, ऊब राहील."

ओब्रादचा गुडघा कधीच दुखला नव्हता. दोघं मायलेक त्याच्याकडे बघत होती. तो खाली वाकला, आधी उजवा मोजा चढवला, मग डावा.