रेडियमखालची चीर

मी साडूंना मोडकी सायकल दिली, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मोडकी म्हणजे चाक वाकलेली किंवा चेन तुटलेली नव्हे. तशी असती तर त्यांना दिसली असती. तिच्या फ्रेमला चीर होती, आणि ती मी ‘आईचा आशीर्वाद’ असं लिहिलेल्या रेडियमच्या स्टिकरखाली झाकली होती. आईला विचारलं नव्हतं.

मी रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. वेल्डिंग केलेल्या भागावर लाल औषध मारायचं, पुसायचं, वर पांढरी पावडर फवारायची. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. केसाएवढी रेघ दिसली तरी मी ‘रिजेक्ट’ म्हणतो आणि पुढं कुणाचं ऐकत नाही. कारखान्यात मला सगळे वचकून असतात. घरी तसा काही त्रास नाही.

सायकल मी एका इंजिनिअरकडून जुनी घेतली होती. डोंगर उतरायची सायकल. चढायची नव्हे, फक्त उतरायची. ती इतकी जड की लोक तिला गाडीत घालून वर नेतात. पुढं मोटारसायकलसारखे शॉकअप, मागं स्प्रिंग आणि मनगटापेक्षा जाड नळ्या. चाळिशी उलटल्यावर माणसं देवाधर्माला लागतात. मी मोबाईलवर परदेशातली माणसं कड्यावरून उड्या मारताना बघायला लागलो. शिरूरला आमच्या बाजूला उतार म्हणजे कॅनॉलचा भराव आणि स्पीडब्रेकरची पलीकडची बाजू.

गल्लीनं सायकलची रीतसर तपासणी केली.

“स्टँड कुठाय?”

“नाही.”

“मडगार्ड?”

“नाही.”

“मग एवढ्या पैशात दिलं काय?”

“फ्रेम,” मी म्हणालो.

“फ्रेम आमच्या म्हाताऱ्याच्या सायकलीलाबी हाय की. वर दुधाच्या दोन किटल्या बसत्यात.”

म्हाताऱ्याच्या सायकलीचं खरंच होतं. लोखंडी फ्रेम मोडली तर कोपऱ्यावरचा वेल्डर चहा निवायच्या आत जोडून देतो. ॲल्युमिनियमचं तसं नसतं. जोड मारला की आजूबाजूचा धातू मऊ पडतो. त्याला पुन्हा भट्टीत घालून कडक करावं लागतं, आणि तसली भट्टी आमच्या एसटी स्टँडसमोर नाही. त्यामुळं जुन्या मोटारसायकलच्या मोलाची, दऱ्याखोऱ्यांसाठी बनवलेली फ्रेम एका चिरेनं भंगारात जाते. भंगारवाला लोखंडापेक्षा जास्त दर देतो, तेवढाच तिचा मान.

एका रविवारी मी कॅनॉलच्या भरावावरून उडी मारली. हवेत होतो तेवढा वेळ परदेशात होतो, खाली आलो तो शिरूरात. हँडलच्या खालून ‘टक्’ आवाज आला. घरी येऊन लाल औषध मारलं, पुसलं, पावडर फवारली. हँडलची उभी नळी खालच्या जाड नळीला जिथं जोडलेली असते, तिथं नखाएवढी लाल रेघ. जो शब्द नोकरीत रोज सहज निघतो, तो त्या दिवशी निघेना. मी रेडियमवाल्याकडं गेलो.

“काय लिहायचं?”

“काहीही. फक्त एवढं रुंद पाहिजे.”

त्यानं वर न बघता आईचा आशीर्वाद कापून दिला. तोवर मनात कुणाला फसवायचं नव्हतं. मला स्वतःलाच ती रेघ दिसायला नको होती.

पुढच्याच आठवड्यात वरवंडहून साडू आले. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ऊस, गुऱ्हाळ, सोसायटीत वजन आणि अंगातही वजन. शुगर निघाली म्हणून दौंडच्या डॉक्टरनं त्यांना सायकल चालवायला सांगितली होती. त्यांनी माझी सायकल म्हशीसारखी चारी बाजूंनी बघितली आणि नळीवर थाप मारली. नेमकी आशीर्वादावर.

“काय पाइप हाय राव, पाहुणं! ही न्हाई मोडायची.”

“उड्या मारायची सायकल आहे ती, दाजी,” मी म्हणालो. हे खोटं नव्हतं.

“मी तर नुसता बसणार हाय.”

बायको आतून म्हणाली, “अहो, द्या की त्यांना. तुमची नुसती भिंतीला टेकून असते.”

“पाहुण्यांनी तपासल्याली हाय न्हवं? मग झालं! ह्यांनी पास केलं म्हंजी पास.”

सासरच्या माणसांत माझ्या नोकरीबद्दल कुणी काढलेला हा पहिला चांगला शब्द. तेवढ्यावर मी सायकल पास केली.

पैसे घेतले नाहीत. त्यामुळं मी दिलदार ठरलो आणि दर हंगामाला त्यांच्या गुऱ्हाळावरची गुळाची ढेप घरी यायला लागली. त्या गुळाचा चहा माझ्या घशाखाली उतरेना. शुगर साडूंना आणि पथ्य मला.

वरवंडला सायकलची सोय झाली. पट्ट्या आवळून मागं कॅरिअर बसलं, कॅरिअरवर पेंडीचं पोतं बसलं. दसऱ्याला ती ट्रॅक्टरशेजारी उभी राहिली, झेंडूचा हार घालून. साडूंनी हळदीकुंकवाचं बोट बरोबर स्टिकरवर टेकवलं आणि नारळ माझ्या हातात दिला. “फोडा, पाहुणं. मान तुमचा.” मी फोडला. सपाट रस्त्यावर काय होणार आहे, अशी मी माझी समजूत घालत होतो, आणि ती तीन वर्षं टिकली.

यंदा वरवंड-भांडगावच्या शुगरवाल्यांनी मिळून सायकलींचा ग्रुप काढला. ठरलं काय, तर टेम्पोतून घाट चढायचा आणि सायकलवर उतरायचा. सगळ्यांत पुढं साडू. उतरायची खास सायकल त्यांचीच ना.

मी मोटारसायकल काढली. ‘दाजी, फ्रेमला चीर आहे,’ हे वाक्य न्हावऱ्यापर्यंत पाठ झालं होतं. चौफुल्याला ते विसरलो. साडूंच्या अंगणात तोंडातून निघालं ते असं: “दाजी, सायकल परत पाहिजे होती.”

“का वो? काय झालं?”

“आता मीही चालवीन म्हणतो.”

आक्का, म्हणजे बायकोची बहीण, दारात आल्या. “दिल्यालं परत मागाय आलाय व्हय? मग आमच्या ढेपा आणल्या का पिशवीत घालून?”

साडूंनी त्यांना गप्प केलं. स्वतः कॅरिअर सोडलं, फडक्यानं सायकल पुसली. “न्या. तुमचीच हाय.” माझ्याकडं बघितलं मात्र नाही. खोटारडा ठरण्यापेक्षा हावरट ठरणं मला सोपं गेलं.

टेम्पोत घालून सायकल घरी आणली आणि स्टिकर सोललं. नखाएवढी रेघ नळीला निम्मा वेढा घालून बसली होती. आता लाल औषधाची गरज नव्हती. चष्म्याशिवाय दिसत होती. साडू वाचले, आणि मी कुणाला काही न सांगता सुटलो, असं दोन्ही एकदमच वाटलं. यातलं आधी कुठलं वाटलं, ते मला माहीत आहे.

घाट पुढं ढकलला, कारण सगळ्यांत पुढं जाणाऱ्याकडं सायकलच नव्हती.

काल साडूंचा व्हिडिओ कॉल आला. आवाजात राग नव्हता.

“हे बघा पाहुणं, तसलीच आणली! पुण्यातनं, जुनीच. म्हटलं, तुमची एवढी वर्सं पेंड वाहून मोडली न्हाई, तर ही काय मोडती? रविवारी घाट.”

त्यांनी मोबाईल फ्रेमजवळ नेला. त्याच जागी, तेवढ्याच रुंदीचा आशीर्वाद.

“हे तुम्ही लावलं?” मी विचारलं.

“आधीचं हुतंच की. नुसतं काळं, काय लिहिल्यालं न्हाई. मी म्हटलं, मोकळं कशाला ठेवा? तुमच्यावानी वरनं मारून घेतलं.”

त्या जागेवर, तेवढ्या रुंदीचं, काहीच न लिहिलेलं स्टिकर माणूस कशासाठी लावतो, हे मला वेगळं सांगायची गरज नव्हती. तरीही मी म्हणालो, “छान आहे, दाजी.”

लाल औषध पिशवीत भरून ठेवलं आहे. मी साडूंना एका धड फ्रेमचं देणं लागतो, ती देईन. त्याआधीचं देणं रविवारच्या आत, त्यांच्या अंगणात उभं राहून फेडायचं आहे: मी दिलेली सायकल चिरलेली होती, ते मला माहीत होतं, आणि ह्या सायकलचं स्टिकर आत्ता, माझ्यासमोर काढा.