कारण मागणाऱ्या दिघे मॅडम

दिघे मॅडम अर्धा गुण कापला तरी उत्तरपत्रिकेच्या समासात त्याचं कारण लिहायच्या. "मुलांना विचारायचा हक्क आहे, तर सांगणं आपल्याला भाग आहे," म्हणायच्या. उज्जैनला त्या कायद्याच्या मुलांना विधिशास्त्र शिकवत आणि मी त्यांच्या हाताखाली तात्पुरता अध्यापक होतो. कायम होण्याची वाट बघत असल्यामुळे मला शिपायाचीसुद्धा भीती वाटे.

नव्वदनंतर कचेऱ्यांत कंप्यूटर आले. लोक चपला बाहेर काढून कंप्यूटरच्या खोलीत जात. धास्तावल्या त्या एकट्या मॅडम. "आता चूक कोणाची, हे कोणी सांगणारच नाही बघा!" मी हसलो होतो. पुढे यंत्रांच्या निर्णयांवर आणि माणसांच्या हक्कांवर त्यांनी जन्मभर लिहिलं, ते या धास्तीतूनच.

सिंहस्थ कुंभमेळ्याच्या आधी पोलिसांनी धरपकड केली. त्यात शेजारच्या भैरवगढ वस्तीतला सलीम, चादरींवर ठशांनी नक्षी छापणारा कारागीर, उचलला गेला. तिसऱ्या दिवशी त्याची बायको रडत मॅडमकडे आली. मॅडम मला घेऊन ठाण्यात गेल्या. आतून कोणीतरी कळवळून ओरडत होतं. मी मॅडमच्या मागे सरकलो.

"कंप्यूटर की लिस्ट में नाम है, मैडम. हम क्या करें?" ठाणेदार म्हणाला.

"कंप्यूटर को नाम किसने बताया? वजह लिखिए और नीचे दस्तखत कर दीजिए."

"नौकरी सरकारी है ना आपकी?" त्यानं अगदी शांतपणे विचारलं.

मॅडमनी तिथंच अर्ज लिहिला, सही केली आणि साक्षीदाराच्या सहीसाठी कागद माझ्यापुढे सरकवला. ठाणेदार माझ्याकडे बघत होता. मी पेन खाली ठेवलं. "मॅडम, माझं अजून कायम व्हायचंय," एवढंच पुटपुटलो. मॅडम कागद तसाच ठाणेदाराला देऊन बाकावर बसून राहिल्या. यादीची जबाबदारी घेऊन सही करायला ठाण्यातलं कोणीच धजेना. शेवटी संध्याकाळी सलीमला सोडलं.

सहा महिन्यांत मॅडमची लांबच्या गावी बदली झाली. देवास गेटच्या बसस्टँडवर मी त्यांना पोचवायला गेलो, तर सलीम दोन चादरी घेऊन उभा. एक त्यांना, एक मला.

"आप दोनों दस्तखत न करते, तो मैं आज..." तो म्हणाला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडमनी चादर माझ्या हातात कोंबली आणि मराठीत हळूच म्हणाल्या, "घ्या मुकाट्यानं. आपण दोघंही किती घाबरलो होतो, हे त्याला कळायला नको."

बस सुटली. सलीम माझे हात धरून आभार मानतच राहिला.